पब्लिक स्कूल : कोणत्या पब्लिकचे?

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

‘पब्लिक स्कूल’ या शब्दाइतका फसवा शब्द शिक्षणक्षेत्रात दुसरा नसेल. पब्लिक म्हणजे लोक, म्हणजे आपणच. एस. टी. पब्लिकची, सरकारी दवाखाना पब्लिकचा, चौकातले नळकोंडाळे पब्लिकचे. तेव्हा पब्लिक स्कूलही पब्लिकचेच असणार, असे खेड्यातल्या एखाद्या माणसाने धरले तर त्याला हसण्यात अर्थ नाही. आमचे आबा तसेच धरून चालले होते. तालुक्याच्या रस्त्याला असा एक फलक लागला तेव्हा ते आईला म्हणाले, “बरं झालं, सरकारनं पब्लिकसाठी इंग्लिश शाळा काढली.” मग धुतलेले धोतर नेसून चौकशीला गेले आणि फीचा आकडा ऐकून आल्या पावली परत फिरले. त्यानंतर त्या शाळेचे नाव आमच्या घरात निघाले नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, पुढे हायस्कुलात, आणि आता इथे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

यंदा इतिहासाच्या प्रकल्पासाठी ‘कंपनी सरकारच्या काळातील शाळा’ हा विषय माझ्या वाट्याला आला. पुण्याच्या भिडेवाड्यापासून सुरुवात करावी असा माझा बेत होता. सरांनी सुचवले की, त्याच सुमारास गोऱ्यांच्या मुलांसाठी काय चालले होते तेही जरा पाहा. पाहायला गेले आणि थेट हिमाचल प्रदेशात, कसौलीच्या शेजारी सनावर नावाच्या डोंगरावर जाऊन पोहोचले. पोहोचले ते अर्थात ग्रंथालयातल्या खुर्चीवर बसूनच! पण प्रकल्प संपला तरी सनावर काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

‘द लॉरेन्स स्कूल, सनावर’ ही आजच्या घडीला देशातल्या अत्यंत नामांकित निवासी शाळांपैकी एक. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसतराशे मीटर उंचीवर, शंभराहून अधिक एकरांच्या आवारात ती पसरली आहे. मुले आणि मुली एकत्र शिकतात आणि तिथेच राहतात. हिमालय, निलगिरी, शिवालिक आणि विंध्य अशी तिथल्या चार ‘हाउस’ची नावे आहेत. (आपला सह्याद्री राहिला, याचे मला उगाचच वाईट वाटले.) हॉकी, क्रिकेट, फुटबॉल यांची मैदाने, पोहण्याचा तलाव, मुष्टियुद्ध, नेमबाजी, नाटके आणि सभा यांसाठी ‘बार्न हॉल’, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळे आहे. डोंगराचा माथा सपाट करून केलेल्या तिथल्या पटांगणाला ‘पीसस्टेड’ म्हणतात. वर्षाची फी काही लाखांत आहे. अभिनेते संजय दत्त आणि सैफ अली खान, मनेका गांधी, ओमर अब्दुल्ला ही सारी मंडळी या शाळेची. इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, “मोठ्यांच्या गोष्टी, आपल्याला काय करायच्या!” मीही तेच म्हणणार होते. पण शाळेचा जन्म कसा झाला ते वाचले आणि मी पुस्तक मिटायची थांबले.

ही शाळा श्रीमंतांसाठी निघालेलीच नव्हती. १५ एप्रिल १८४७ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव होते ‘लॉरेन्स असायलम’. असायलम म्हणजे आसरा, अनाथाश्रमच म्हणा. लाहोरचे रेसिडेंट हेन्री लॉरेन्स आणि त्यांच्या पत्नी होनोरिया यांनी ती काढली, ती गोऱ्या फौजेतल्या साध्या शिपायांच्या पोरक्या आणि निराधार मुलांसाठी. अधिकाऱ्यांची मुले बोटीत बसून विलायतेला शिकायला जात. शिपायाचे मूल मात्र इथेच, मैदानी मुलखातल्या उकाड्यात, बराकीच्या कोपऱ्यात वाढे. पुष्कळदा ते वाढण्याआधीच कॉलऱ्याने किंवा तापाने जाई. बाप लढाईत पडला की आई दुसऱ्या शिपायाशी लग्न करी, नाहीतर भीक मागे. या मुलांना थंड हवेच्या डोंगरावर न्यावे, पोटभर खायला द्यावे, उघड्यावर खेळू द्यावे, लिहायला-वाचायला शिकवावे, ही लॉरेन्स दांपत्याची कल्पना. पहिल्या तुकडीत मुले आणि मुली मिळून चौदा जणे आली. पहिल्या दिवसापासून मुलगे आणि मुली एकत्र! पुढे अबू, उटीजवळचे लव्हडेल आणि मरीच्या डोंगरातही अशीच असायलमे निघाली. १८५७ च्या जुलैत लखनौच्या वेढ्यात लॉरेन्स मारले गेले. त्यानंतर सनावरचा भार सरकारने उचलला.

आता यातली मेख अशी की ‘गरीब’ या शब्दाला त्यांनी एक कुंपण घातले होते. प्रवेशात शुद्ध युरोपीय आईबापांच्या मुलांना प्राधान्य होते. कारण असे देत की, या हवेचा त्रास त्यांनाच जास्त होतो. वाचून मला हसूही आले आणि रागही आला. आमच्या माण तालुक्यातला वैशाखातला उन्हाळा बघायला ते गृहस्थ यायला हवे होते! शिपाई तर काळेही होते. त्याच लढायांत पडणाऱ्या हिंदी शिपायांची पोरे कुठल्या डोंगरावर गेली? त्यांच्यासाठी डोंगर नव्हता.

तरीसुद्धा मला त्या १८४७ च्या कल्पनेबद्दल एक गोष्ट आवडली, आणि ती मान्य करायला मला संकोच वाटत नाही. सार्जंटाच्या अनाथ पोराला एवढे मोठे पटांगण कशाला हवे, असे तिथे कुणी विचारले नाही. ‘आधी बाराखडी येऊ दे, मग खेळाचे बघू’ असे कुणी म्हटले नाही. गरिबाच्या मुलाला चांगली हवा लागते, जागा लागते, पळायला आणि पडायला जमीन लागते, हे त्यांनी गृहीतच धरले. गोऱ्या गरिबाच्या बाबतीत जे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सहज पटले, ते आपल्या गरिबाच्या बाबतीत आजही पटत नाही. आमच्या शाळेत मैदान मागितले की उत्तर येते, “आधी वर्गखोल्यांचे पत्रे तर बदलू द्या.” पत्रे बदलायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण पत्रे बदलून झाल्यावरसुद्धा मैदान येत नाही, हा माझा अनुभव आहे.

सनावरच्या स्थापनेनंतर एका वर्षाने, १८४८ साली, पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एकीकडे डोंगराचा माथा आणि मोठमोठ्या देणग्या. दुसरीकडे मागून मिळवलेली वाड्यातली जागा आणि वाटेत अंगावर येणारे शेण. खेळायचे पटांगण तिथे कुठून असणार? सनावर आजही दिमाखात उभे आहे. भिडेवाडा मोडकळीस आला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी स्मारक बांधायचे म्हणून २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला गेला. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितले. सनावरच्या बाबतीत हे अक्षरशः पाहता येते. सरकारचा पैसा गोऱ्या गरिबाला डोंगरावर घेऊन गेला आणि काळ्या रयतेला बुधवार पेठेत जागा मागून मिळवावी लागली.

मग स्वातंत्र्य आले. गोऱ्या पलटणी गेल्या, त्यांची मुले गेली, शिक्षकही बहुतेक गेले. शाळा रिकामी झाली. माझ्या मते, या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण तोच होता. १९४९ साली शाळा केंद्राच्या शिक्षण खात्याकडे आली. म्हणजे काही काळ ती खरोखरच आपली, पब्लिकची होती! सरकारच्या हातात डोंगर होता, इमारती होत्या, पटांगणे होती, आणि देशात अनाथ व निराधार मुलांना तोटा नव्हता. फाळणी नुकतीच झाली होती. मूळ हेतू जसाच्या तसा ठेवून नुसते कुंपण काढायचे होते. तसे झाले नाही. १९५३ साली शाळा एका स्वायत्त सोसायटीकडे सोपवली गेली आणि हळूहळू ज्यांना फी परवडेल त्यांची झाली. गरिबांसाठी काढलेले घर रंगरंगोटी करून श्रीमंतांना देण्यात आले, असे मी म्हटले तर कुणाला कडू लागेल. पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

या शाळेने काहीच दिले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथलेच. त्यांचा जन्म १९५० सालचा, आपल्या पुण्यातला. पुढे ते खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेले, पलटणही ‘पूना हॉर्स’. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्यातच त्यांना वीरमरण आले. वय अवघे एकवीस. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. शिवा केशवनही याच शाळेचे. बर्फावरून घसरगाडीने जाण्याच्या ल्यूज या खेळात ते १९९८ साली सोळाव्या वर्षी हिवाळी ऑलिंपिकला गेले आणि २०१८ पर्यंत सहा वेळा जाऊन आले. २०१३ साली शाळेच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली. शाळकरी मुले, आणि एव्हरेस्ट! मैदान आणि डोंगर हाताशी असले की माणूस कुठवर जातो, ते यावरून दिसते.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत दरवर्षी ‘हॉडसन रन’ नावाची डोंगरवाटांवरची धावण्याची शर्यत होते. हाउस-हाउसमध्ये मोठी चुरस असते. हा हॉडसन म्हणजे सुरुवातीला शाळेच्या इमारती बांधून घेणारा तरुण लष्करी अधिकारी. आणि हाच तो हॉडसन, ज्याने १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफरच्या शरण आलेल्या मुलांना दिल्लीच्या वेशीजवळ गोळ्या घातल्या. शर्यत चांगली आहे, धावावी. पण नाव बदलायला पावणेदोन शतके का लागावीत? खेत्रपालांच्या नावाने ती धावली असती तर एक पाऊलही कमी पडले नसते.

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगते, कारण मला वाटते तिथे फारसे गुपित नाही. सनावरची मुले सीबीएसईची परीक्षा देतात. तीच परीक्षा केंद्रीय विद्यालयातला कारकुनाचा मुलगाही देतो आणि पुष्कळदा चांगली देतो. पुस्तके तीच, प्रश्नपत्रिका तीच. इंग्रजीचा फायदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. आम्हाला इथे प्रथम वर्षाला इंग्रजीच्या तासाला घाम फुटत होता, तो अजून पुरता सुकलेला नाही. पण खरा फरक पुस्तकाच्या बाहेरचा आहे. तिथे दुपारनंतर दिवस संपत नाही. खेळ, वादविवाद, नाटक, वाद्ये, डोंगरातली पायपीट, हे सारे वेळापत्रकात असते, आणि वेळापत्रकात असते म्हणून होते. आमच्याकडे पी. टी.चा तासही वेळापत्रकात होता. दहावीला तो गणिताच्या सरांनी घेतला, नववीला इंग्रजीच्या, आणि आठवीला पाऊस पडत नसतानाही पावसामुळे तो रद्द होई. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. ती मी शाळा सोडेपर्यंत रिकामीच राहिली.

आमच्या हायस्कुलाला मैदान होते. त्यावर दर गुरुवारी बाजार भरे. शुक्रवारी सकाळी कांद्याच्या साली, कोबीची पाने आणि शेळ्यांच्या लेंड्या बाजूला सारून आम्ही चुन्याने खो-खोचे मैदान आखत असू. खो-खोला लागते तरी काय? २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जमीन, दोन खांब आणि चिमूटभर चुना. पोहण्याचा तलाव नको, विलायती बूट नकोत. तरी एवढी जमीन मुलींना सलग एक तास मिळणे हे काय दिव्य असते, ते ज्यांनी मागून पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. मुलांची कबड्डी, मुलांचे क्रिकेट, मग गावातल्या मंडळाचे क्रिकेट, आणि उरले तर आम्ही. नववीत गेल्यावर आमच्यातल्या निम्म्या मुली आपोआप ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांना कुणी मनाई केली नव्हती, तसा काही नियमही नव्हता. माझी आत्या एवढेच म्हणाली होती, “आता म्होटी झालीस, चारचौघांत पळायचं न्हाई.” दहावीपर्यंत खेळणाऱ्या आम्ही तिघीच राहिलो. संघाला नऊजणी लागतात.

म्हणून सनावरमधली मला सर्वांत हेवा वाटणारी गोष्ट पोहण्याचा तलाव नाही. तिथे मुलगे आणि मुली पहिल्या दिवसापासून एकत्र शिकले, आणि ‘आता मोठी झालीस’ म्हणून मुलीने कडेला बसावे, अशी रीत शाळेने पाडली नाही, ही ती गोष्ट. सहशिक्षण म्हणजे एका वर्गात डावीकडे मुली आणि उजवीकडे मुलगे, मध्ये सरांची छडी, असा आपल्याकडे अर्थ घेतात. आपल्या महाविद्यालयातही काही फार वेगळे चित्र नाही. मागच्या बाकांवर कोण बसते आणि ग्रंथालयात कुणाला पाहून कोण उठून जाते, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

या विषयावर आमच्या वाङ्मय मंडळात वाद झाला तेव्हा दोन मते निघाली. एका मित्राचे म्हणणे, अशा शाळा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, त्या सरळ बंद कराव्यात. दुसऱ्याचे म्हणणे, देशाला नेतृत्व लागते, ते अशाच शाळांतून येते, तेव्हा त्यांना हात लावू नये. पहिल्याला टाळ्या जास्त पडल्या. मला दोन्ही पटले नाही. बंद करून काय होणार? एक चांगले मैदान कमी होईल आणि आमच्या बाजाराच्या मैदानावर एक इंचही वाढणार नाही. आणि नेतृत्वाचे म्हणाल तर ज्या महाराष्ट्रात भाऊराव पाटील झाले तिथे हा मुद्दा कुणी काढू नये. भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेही ‘बोर्डिंग’च! १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांना दोन घास मिळावेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने तर दिलेच, मंगळसूत्रही मोडले. मुले दगड फोडत, शेत खणत आणि शिकत. सनावरच्या मुलांनीही सुरुवातीला निराधारपणच पाहिले होते. फरक एवढाच की सनावरच्या निराधारामागे सरकार उभे राहिले आणि साताऱ्याच्या निराधारामागे एक मंगळसूत्र.

दगड फोडून शिकण्याचे आपण फार कौतुक करतो, असेही मला अलीकडे वाटू लागले आहे. कौतुक खरेच आहे. पण आपल्या नातवंडांनीही दगडच फोडावेत, अशी भाऊरावांची इच्छा असेल असे मला वाटत नाही.

सरकारने नंतर एक चांगली गोष्ट केली, तीही सांगायला हवी. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांची योजना आली. जिल्ह्याला एक निवासी शाळा, सहावीपासून, मुलामुलींची एकत्र, शिकणे-राहणे-जेवण मोफत. निदान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. पहिली दोन विद्यालये निघाली त्यांतले एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. सनावरचे कुंपण काढून टाकले असते तर जे दिसले असते, ते जवळजवळ असेच असते. पण जिल्ह्याला एक शाळा, आणि एका वर्गात साधारण ऐंशी जागा! पाचवीत असताना आमच्या शाळेतून अकरा जणांनी परीक्षा दिली होती, त्यांत मी होते. गुरुजी रात्री दिव्याखाली आमचा अभ्यास घेत. एकाची निवड झाली. उरलेल्या दहा जणांना मैदान नको, ग्रंथालय नको, असे तर कुणी ठरवले नव्हते ना?

कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात अभ्यास करून समान शाळेची, म्हणजे एका वस्तीतल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकण्याची कल्पना मांडली. ती कागदावर राहिली. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्यातल्या पंचवीस टक्के जागांची पुष्कळ चर्चा होते. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून बऱ्याच खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती, ती उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केली, हे बरे झाले. पण सनावरसारख्या निवासी शाळेला त्या पंचवीस टक्क्यांची झळ फारशी लागत नाही. कायद्यातल्या जागा पहिलीच्या वर्गापासूनच्या, आणि तिथे मुले जातात ती साधारण पाचवीच्या वयात. त्यापेक्षा त्याच कायद्याच्या परिशिष्टाकडे लोकांनी बघावे असे मला वाटते. प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान, खेळाचे साहित्य, वर्तमानपत्रे-मासिकांसह ग्रंथालय आणि मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह असलेच पाहिजे, असे तिथे लिहिले आहे. हे कुणाच्या मेहेरबानीचे नाही, कायद्याचे आहे. माझी थोरली बहीण सातवीनंतर घरी बसली, कारण पुढची शाळा सहा किलोमीटरवर आणि तिथे मुलींचे स्वच्छतागृह नव्हते. तिला परिशिष्ट कुणी वाचून दाखवले नाही. मलाही ते यंदाच कळले.

आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचीही सुरुवात खो-खोपासूनची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची होती. त्या दिवशी आमच्या वसतिगृहात साखर वाटली. म्हणजे आमच्या पायांत काही कमी नाही. कमी आहे ती जागा, आणि ‘पळू नको’ म्हणणारे तोंड बंद करणारी शाळा.

सनावर जसेच्या तसे आपल्याकडे यावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. नऊ-दहा वर्षांचे लेकरू आईपासून तोडून शेकडो मैलांवर ठेवणे मला बरे वाटत नाही. आमच्या आईला तर विचार करूनच रडू येईल. मला सनावरमधला पीसस्टेडएवढा तुकडा हवा आहे आणि तो मुलामुलींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा आहे.

आणि इथे मला आपल्याच आवाराकडे बोट दाखवणे भाग आहे. आपल्या महाविद्यालयाला चांगले ऐसपैस मैदान आहे. रविवारी ते कुलपात असते. फाटकाबाहेर शेजारच्या शाळेतल्या मुली रस्त्यावर लंगडी घालतात आणि ट्रक आला की बाजूला पळतात. त्या मुलींना रविवारी सकाळी सात ते दहा मैदान वापरू द्यावे, असा अर्ज आमच्या खो-खो संघाने जिमखाना समितीकडे दिला आहे. खांब आमच्याकडे आहेत. चुना आम्ही आणू. शिकवायला आम्ही सहाजणी पाळीपाळीने येऊ, एक प्राध्यापिका बाई सोबत थांबायला तयार आहेत. अर्जावर चौतीस सह्या आहेत, त्यांत अकरा मुलग्यांच्या आहेत हे मुद्दाम सांगते. समितीची बैठक अजून झालेली नाही. समितीतले प्राध्यापक हा अंक वाचतीलच. फाटकावरच्या शिपाईमामांना आम्ही आधीच विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, “साहेबांची सही आणा पोरींनो, मी साडेसहालाच कुलूप काढतो.”